दुसऱ्यांदा बघितलास का?

प्रिय लेकरा,
अनेक आशीर्वाद.

'सीआयडी' मालिकेच्या एका भागावर लिहिलेली तुझी पाच पानं रात्री वाचली. पहिल्या तीन पानांत आजोळची सतरंजी, मामाचा टीव्ही, 'सीआयडी'ची धून वाजली की चिडीचूप होणारी पोरं. चौथ्यावर त्यातला इन्स्पेक्टर दया दार का तोडतो याची चर्चा. पाचव्यावर एसीपी प्रद्युम्न गेल्याचं दुःख. आणि शेवटी मलाच विचारतोस, "काका, भाग चांगला म्हणू की वाईट?"

अरे, पण या पाच पानांत तो भाग कुठंय?

तो दुसऱ्यांदा बघितलास का, एवढंच सांग.

तुझा घोळ मला कळतो. जानेवारी १९९८ ला सुरू झालेली मालिका, २०१८ पर्यंत दीड हजारावर भाग, मग डिसेंबर २०२४ ला पुन्हा सुरू. असल्या मालिकेचा एक भाग तोलायला घेतला की तराजूत सगळं बालपण येऊन बसतं. प्रद्युम्न झालेल्या शिवाजी साटमांचा आवाज कानावर पडला की माझंही तेच होतं. एप्रिल २०२५ मध्ये बॉम्बस्फोटात प्रद्युम्नना मारलं, तेव्हा मलाही आवंढा गिळावा लागला. पण तो आवंढा सत्तावीस वर्षांचा होता. त्यातलं त्या भागानं स्वतः किती कमावलं आणि जुन्या पुण्याईवर किती उचललं, हे पहिल्या वेळी कळत नाही. शेवट ठाऊक असताना बघितलं की कळतं.

पहिल्यांदा आपण पोलिसांच्या मागं मागं चालतो. दुसऱ्यांदा गुन्हेगाराच्या शेजारी बसतो. प्रेत सापडल्यावर तो कुणाकडं बघतो? खोलीत एकटाच असताना, कुणी बघत नसताना, तो गुन्हेगारासारखा वागतो की निव्वळ आपल्याला फसवायला निष्पापासारखा? ज्या धाग्यानं इन्स्पेक्टर अभिजीतनं गाठ सोडवली तो धागा आधी आपल्यालाही दिसला होता, की फॉरेन्सिकवाल्या डॉ. साळुंखेंनी शेवटच्या पाच मिनिटांत लॅबमधून काढून हातात दिला? दिसला होता आणि आपणच चुकलो, तर भाग जिंकला. दाखवलाच नव्हता, तर कितीही रडू येऊ दे, भाग कच्चा.

हे मला कुणी शिकवलं नाही. चुकून शिकलो, आणि ती चूक अजून सलते. इथल्या एका दैनिकात मी टीव्हीवर सदर लिहायचो. एका गुन्हेमालिकेच्या भागाला मी धुऊन काढलं: नोकर खुनी निघतो, पण त्याच्यावर संशय यावा असं काही दाखवलंच नाही. दुसऱ्या दिवशी गल्लीतला शिंपी म्हणाला, "मास्तर, सुरुवातीला त्यानं ट्रेमधी दोन कप आणले की. अन् पोलिसाला सांगितलं, साहेब एकटेच होते." मी ते बघितलंच नव्हतं. त्या वेळी भाकरी वाढून घेत होतो. शिंप्यानं शिलाई मारता मारता बघितलं होतं.

मी दुरुस्ती छापली नाही. तेव्हा दुसऱ्यांदा बघायची सोय कुठं होती? भाग एकदा गेला की गेला, वरून परभणीचं भारनियमन, शेवटच्या जाहिरातीला लाइट गायब. हे सगळं खरं आहे. पण शिंप्याला तरी कुठली जास्तीची सोय होती? चार ओळी छापायला मला काय झालं होतं? तुला तर मोबाइलवर हवं तेव्हा मागं नेता येतं. तरी एकदाच बघून पाच पानं लिहितोस, म्हणून माझा जीव तुटतो.

आता ते दार. दार तोडणं, लॅबचा रिपोर्ट झटक्यात येणं, ही त्या मालिकेची रीत आहे. तिच्यावर पान घालवू नको. दंड फक्त त्या भागाच्या स्वतःच्या चुकीला. मेल्यावर अंगाचा ताठरपणा जबडा-मानेकडून सुरू होतो, साधारण बारा तासांत अंगभर पसरतो, आणि उकाड्यात हे सगळं लवकर होतं. आपल्याकडच्या मे महिन्यासारख्या उन्हात, पत्र्याच्या खोलीत प्रेत पडलेलं, आणि सगळा गुन्हाच मृत्यूच्या वेळेवर बेतलेला असताना त्या उन्हाचा उल्लेखही नसेल, तर तिथं बोट ठेव. तेही दुसऱ्यांदा बघूनच.

२००४ चा तो १११ मिनिटांचा, एकदाही कॅमेरा न थांबवता घेतलेला भाग तू 'सर्वश्रेष्ठ' म्हणून मोकळा झालास. मेहनत अफाट, विक्रम म्हणून नोंदला गेलाय, मीही मान तुकवतो. पण कॅमेरा थांबला नाही यानं कोडं चोख ठरत नाही. तोही दुसऱ्यांदा बघ, मग लिही.

तुझी पानं परत पाठवतोय. आजोळचं पान सुंदर आहे, फाडू नको. ते वेगळं लिहायचं आहे तुला. प्रद्युम्नांच्या भागाला नवीन कोरं पान घे. पुढच्या भागांत काय झालं ते त्यात आणू नको. बघून झालं की येरवाळीच फोन कर, नंतर मी मळ्यात पाणी धरायला जातो. पहिल्या दहा मिनिटांत काय काय होतं तेवढंच सांग.

तुझा,
काका