इव्हेंट कंपनी महिन्याचा रिटेनर देतेय, ४ शो आणि रेट ३० टक्के कमी. फ्रीलान्स डीजेने सही करावी का?

करा, पण प्रश्नात ज्या अटी लिहिल्यात त्या तशाच ठेवून नको. तुम्ही म्हणताय की कंपनी दर महिन्याला ४ शोचे ठरलेले पैसे देणार, रेट नेहमीपेक्षा ३० टक्के खाली, तारखा "जशा येतील तशा" कळवणार आणि दुसऱ्या कुठल्याही इव्हेंट कंपनीसाठी वाजवायचं नाही. मी स्वतः बरीच वर्षं रिटेनरवर काम करतोय आणि मला तो मनापासून आवडतो, ऑफ सीझनला फोन शांत असताना पण महिन्याच्या सुरुवातीला पैसे जमा होतात हे सुख फ्रीलान्सरलाच कळतं. पण या ४ अटींमध्ये रेटची अट सगळ्यात कमी धोक्याची आहे, आणि बहुतेक डीजे भांडतात मात्र तिच्यावरच.

तरी रेटचं गणित आधी उरकून घेऊ. तुमचा एक शो १०० धरा. ४ शो, ३० टक्के सूट, म्हणजे महिन्याचे २८०. बाहेर पूर्ण रेटने ३ शो मिळाले तर ३००, म्हणजे एक रात्र कमी जागून २० जास्त. मागच्या १२ महिन्यांची डायरी काढा आणि महिनावार शो मोजा, ज्या महिन्यांत १-२ च शो झालेत तिथे रिटेनर तुम्हाला तारतो, ज्या महिन्यांत ५-६ झालेत तिथे तो तुमचीच कामं खाणार. मला विचाराल तर ३० टक्के जास्त आहे, मी सहसा १०-१५ च्या पुढे जात नाही, कारण शो कितीही घ्या, प्रत्येक शोची मेहनत तेवढीच राहते. प्लेलिस्टची तयारी, सामान नेणं, साउंडचेक, रात्री परत आवरणं, यातलं काहीच घाऊक भावात स्वस्त होत नाही.

आता खरा मुद्दा, तारखा. आपण वाजवतो तासांवर पण विकतो शनिवार. वर्षात शनिवार ५२-५३ च, महिन्याला ४, कधी ५, आणि सगळ्यांना तेच हवे असतात. "जशा येतील तशा" लिहिलं की त्यांचा फोन येईपर्यंत महिन्यातले सगळे शनिवार, वर शुक्रवार पण, तुम्हाला मोकळे ठेवावे लागतात. म्हणजे कंपनी पैसे देतेय ४ रात्रींचे आणि अडवून ठेवतेय ८-९, आणि ज्या कस्टमरला तुम्ही "थोडं थांबा, कळवतो" म्हणता तो दुसऱ्याला बुक करून मोकळा होतो, तो नंतर परत येत नाही हे तुम्हालाही माहीतच असेल.

त्यामुळे अॅग्रीमेंटमध्ये हे एक वाक्य काहीही करून घालून घ्या, मी माझ्याकडे असं लिहितो: "पुढील महिन्याच्या तारखा कंपनी चालू महिन्याच्या २० तारखेपर्यंत लेखी कळवेल. त्यानंतर मागितलेली तारीख डीजे मोकळा असल्यासच मिळेल आणि डीजेने ती दुसरीकडे दिल्यास करारभंग धरला जाणार नाही." लेखी म्हणजे ईमेल किंवा व्हॉट्सअॅप चालेल, पण तेही करारात लिहा, फोनवर सांगितलेली तारीख नंतर दोघांना वेगवेगळी आठवते. २० च्या जागी १५ मागितली तर अजून बरं. कंपनी म्हणेल की आमचे क्लायंटच उशिरा कन्फर्म करतात, ते खरंही असतं, मग त्यांना सांगा की महिन्यातला १ शनिवार मी तुमच्यासाठी २० नंतर पण राखून ठेवतो, पण तो वापरला नाही तरी ४ मध्ये मोजला जाईल. हे ऐकल्यावर तारखा आपोआप लवकर यायला लागतात.

याच्याच जोडीला शनिवारचं वजन वेगळं ठेवा. ४ शो म्हणजे ४ शनिवार असं कुठेही गृहीत धरू देऊ नका. जास्तीत जास्त २ शनिवार, बाकी २ शो आठवड्यातल्या इतर दिवशी, असं असेल तर त्यांना सूट द्यायला मला काहीच वाटत नाही कारण मंगळवारी संध्याकाळी कॉर्पोरेट लाँच वाजवून माझं बाहेरचं काम बुडत नाही. उलट तिसरा शनिवार हवा असेल तर तो २ शो म्हणून मोजायचा.

न वापरलेल्या शोचं काय, हे पण विचारलंय तुम्ही. कॅरी फॉरवर्डला, म्हणजे ते पुढच्या महिन्यात नेण्याला, सरसकट नाही म्हणू नका, कंपनीला ते नाही आवडत आणि त्यांचंही बरोबर आहे. पण १ शो, फक्त पुढच्या एका महिन्यापुरता, आणि शनिवारी नाही, एवढीच मुभा द्या. नाहीतर मंदीच्या ३ महिन्यांचे साठवलेले शो सगळे सीझनच्या एकाच महिन्यात अंगावर येतात आणि तेव्हा तुमची कमाईची वेळ असते.

"शो" म्हणजे काय हेही लिहायचं राहून जातं. समजा कार्यक्रम ७ ते ११, तुम्हाला बोलावलंय ४ ला. स्टेजवर डेकोरेशनचं काम चालू म्हणून कन्सोल लावायला जागा मिळाली सव्वासहाला, मग भाषणं लांबली, डान्स फ्लोअर उघडला सव्वादहाला, आणि ११ वाजता मॅनेजर येऊन म्हणतो अहो आत्ताच तर सुरू झालंय, अजून दीड तास वाजवा की. त्याच्या हिशोबाने तुम्ही पाऊण तास वाजवलंय, तुमच्या हिशोबाने तुम्ही ७ तास उभे आहात. म्हणून करारात: शोची वेळ शेड्यूलप्रमाणे मोजायची, पहिल्या गाण्यापासून नाही, ४ तासांच्या पुढे प्रत्येक अर्ध्या तासाला ओव्हरटाइम, आणि ओव्हरटाइम नेहमीच्या पूर्ण रेटने, रिटेनरच्या सवलतीच्या रेटने अजिबात नाही. रात्री ११ ला कोण ओव्हरटाइमला हो म्हणू शकतो त्या माणसाचं पद पण लिहून ठेवा, नाहीतर सोमवारी अकाउंट्सवाले विचारतात की हे कोणी अॅप्रूव्ह केलं.

एक्सक्लुझिव्हिटीवर, म्हणजे दुसऱ्या कंपनीसाठी न वाजवण्याच्या अटीवर, मी ठाम आहे, २८० रुपये असोत की २८० लाख, ४ शोच्या पैशात महिनाभर बांधून घ्यायचं नाही. त्यांना खरी भीती वेगळी असते, तुम्ही त्यांच्या इव्हेंटमध्ये स्वतःचं कार्ड वाटाल आणि त्यांचा क्लायंट थेट तुम्हाला बुक करेल. ती भीती रास्त आहे, तर तेवढंच लिहून द्या: त्यांच्यामार्फत भेटलेल्या क्लायंटचं काम करार चालू असताना आणि संपल्यावर ६ महिने थेट घेणार नाही. शिवाय सगळा वेळ एकाच कंपनीला दिला आणि कामाच्या वेळा पण तीच ठरवायला लागली तर बऱ्याच देशांच्या कायद्यात तुम्ही फ्रीलान्सर की कर्मचारी हा प्रश्न उभा राहतो, ते कंपनीलाही नकोच असतं, हे शांतपणे सांगितलं की बहुतेक जण ऐकतात.

बाकीचं थोडक्यात. पैसे महिना सुरू व्हायच्या आधी, शो झाल्यावर नाही, पहिल्या शोपर्यंत जमा नसतील तर तारखा मोकळ्या. आजारी पडलात तर बदली डीजे तुम्ही पाठवणार, पण त्यांच्या पसंतीचा, तेव्हा २ नावं आधीच देऊन ठेवा. साउंड सिस्टिम कोणाची, मिक्सर-प्लेअर कोणाचे, हे टेक रायडर, म्हणजे तांत्रिक सामानाची यादी, म्हणून करारालाच जोडा. गाणी जाहीर वाजवायचं लायसन्स हॉलवाल्याची किंवा आयोजकाची जबाबदारी असं स्पष्ट लिहा, आणि स्वतःकडची गाणी रीतसर विकत घेतलेली ठेवा, स्पॉटिफायसारख्या अॅपच्या अटीत वैयक्तिक वापरच लिहिलेला असतो, स्टेजवर ते चालत नाही.

मुदत पहिल्यांदा ३ महिनेच, दोन्ही बाजूंनी ३० दिवसांची नोटीस. आणि नोटीस दिल्यावर उरलेल्या दिवसांत शिल्लक शो कसे संपवायचे ते पण आत्ताच ठरवून घ्या. तुमच्या कंपनीने तारखेची अट आणि एक्सक्लुझिव्हिटी या दोन्ही बदलल्या तर रेटमध्ये २० टक्के सूट द्यायला पण हरकत नाही. तारखेची अट बदलायला तयार नसतील तर पूर्ण रेट दिला तरी मी सही करणार नाही.