सईला, कंदिलाच्या वर्कशॉपबद्दल

प्रिय सई,

शाळेतून पालकांना विचारणा आली, इथे जर्मनीत ११ नोव्हेंबरला मुलं कागदी दिवे (लाटेर्ने) हातात घेऊन निघतात, त्या सेंट मार्टिनच्या मिरवणुकीआधी मुलांकडून दिवे करून घ्यायला कोण येईल म्हणून. मी आकाशकंदिलाचं सुचवलं, तर तू जेवताना विचारलंस, "बाबा, तुमचा कंदील आणि आमची लाटेर्ने, दोन्ही कागदाचेच ना? मग तुमचा कशाला?" ते मला लागलं. पण प्रश्न रास्त आहे, म्हणून नीट लिहून उत्तर देतो. वाचून तुला नको वाटलं, तर आपण लाटेर्नेच करू. मी त्यातही मदतीला असेन.

आधी कबूल करायची गोष्ट ही, की बांबू आणि कागदाचा दिवा एकट्या आपला नाही. श्रीलंकेत मे महिन्यात वेसाकला, म्हणजे बुद्धपौर्णिमेला, जे कंदील लागतात, त्यातल्या एका नेहमीच्या प्रकाराचा सांगाडा आपल्यासारखाच सहा चौकोनांचा असतो. फिलिपिन्समध्ये नाताळात बांबू-कागदाची चांदणी लावतात. गोव्यात दिवाळीला कंदील आणि डिसेंबरात ख्रिस्ती घरांवर नखेत्र, म्हणजे चांदणीचा कंदील, दोन्हीला लागणारं कसब एकच. तेव्हा "हे फक्त आमचं" असं मी तुझ्या वर्गात सांगणार नाही, तूही सांगू नकोस. मात्र दोन दिव्यांचं काम वेगळं आहे. लाटेर्ने काठीला लावून हातात धरून चालायची असते, म्हणून ती लहान आणि हलकी. तिला चीजच्या गोल खोक्याचा तळ असतो, कारण पूर्वी आत मेणबत्ती उभी करायचे. कंदील टांगून ठेवायचा असतो, वसुबारसेपासून अगदी त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत. त्याला तळ नसतो, खाली झिरमिळ्या असतात, आणि तो रस्त्यावरून दिसावा एवढा मोठा करतात. यंदा, २०२६ मध्ये, लक्ष्मीपूजन रविवारी ८ नोव्हेंबरला आहे आणि भाऊबीज ११ तारखेला, म्हणजे बरोबर मार्टिनच्याच दिवशी. ओमला ओवाळून तू मिरवणुकीला जाऊ शकशील. म्हणून तर मला हे सुचलं.

सांगलीच्या घरी कामट्या बुरुडाकडून यायच्या. नाना त्या चाकूने तासून सारख्या जाडीच्या करायचे, मीराआत्या खळ शिजवायची आणि पतंगाच्या कागदाचे ताव कापायची. वाड्यातल्या मुलांकडे दोरा धरायचं काम. मुंबईत माहीमच्या कंदील गल्लीत तेव्हाही तयार कंदील मिळायचे आणि लोक घ्यायचे, त्यात कमी काही नव्हतं. घरी केलेलाच खरा, असं मी म्हणत नाही. पण सहा चौकोन बांधून त्यातून गोलसर आकार उभा राहताना हातात जे कळतं, ते तयार कंदिलात कळत नाही, एवढं मात्र मला मनापासून वाटतं. आणि ते बारा मुलांना दोन शनिवारांत जमेल असं आहे. कसं, ते सांगतो, म्हणजे होय-नाही तुला ठरवता येईल.

कामट्या तासत बसायचं नाही. इथे किराणा दुकानात शाश्लिकच्या, म्हणजे कबाबच्या, बांबूच्या काड्या मिळतात, ३० सेंमी लांब, ३ मिमी जाड, शंभराचं पाकीट. त्या २२ सेंमीवर तोडायच्या आणि दोन्ही टोकांपासून १ सेंमीवर पेन्सिलीने खूण करायची. खूण ते खूण २० सेंमी, हीच आपली बाजू. काडी तोडताना बांबू चिरतो आणि कुसळं हातात जातात, म्हणून तोडायच्या जागी चिकटपट्टीचा वेढा देऊन बागेच्या कात्रीने मधोमध तोडायचं आणि टोक पॉलिश पेपरवर घासायचं. हे सगळं मोठ्यांनी आधीच करून ठेवायचं. एका कंदिलाला अशा २४ काड्या लागतात, शिवाय फक्त अणी तोडलेल्या दोन पूर्ण काड्या. म्हणजे बारा मुलांच्या ३१२, आणि मोडतोड धरून चार पाकिटं.

सगळ्यात जास्त लक्ष त्या खुणांकडे द्यायचं. एका चौकोनाची बाजू २० आणि दुसऱ्याची साडेवीस झाली, तर पहिले चार-पाच चौकोन जुळल्यासारखे वाटतात आणि शेवटचा काही केल्या बसत नाही. मूल मग तो ओढून बांधतं, सांगाडा पिळवटतो आणि कागदाला कायमची सुरकुती पडते. पट्टीने प्रत्येक काडी मोजण्यापेक्षा पुठ्ठ्याचा एक नमुना करायचा, त्यावर काडी ठेवून खूण मारायची. सगळ्यांना तोच नमुना.

पहिल्या शनिवारी, १७ ऑक्टोबरला, फक्त सांगाडा. दोन काड्या टेबलावर समांतर ठेवायच्या, त्यांवर दोन आडव्या, आणि चारही खुणांवर बांधायचं. पूर्वी सगळं दोऱ्याने बांधायचे. पण एका कंदिलात चौकोनांचे २४ कोपरे आणि जोडणीचे १२, म्हणजे ३६ गाठी होतात. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला गाठीला दोन मिनिटं धरलीस तर तासाहून जास्त वेळ गाठींतच जाईल, आणि कंटाळलेल्या हातांच्या शेवटच्या गाठी सैल पडतील. म्हणून चौकोनाच्या कोपऱ्यांना तुझ्याकडे आहेत तसली ब्रेसलेटची छोटी रबरबँड वापरू. कोपऱ्यावर तिरकी, दोन्ही दिशांनी फुली येईल अशी गुंडाळायची. नानांना हे पटलं असतं का, माहीत नाही. कंदील बराच काळ टांगला तर रबर सुकून तुटतं, हा त्यातला दोष आहेच. पण तोवर कागदाच्या चिकटलेल्या कडा कोपरे धरून ठेवतात. जोडणीच्या बारा गाठी मात्र सुती दोऱ्याच्याच. नायलॉनचा दोरा बांबूवर घसरतो. गाठीला ४० सेंमी दोरा पुरतो, फुलीसारखा चार-पाच वेढे, गाठ, आणि वर खळीचं बोट. सगळ्या वर्गाला १०० मीटरचं एक रीळ होईल.

आता जोडणी. एक चौकोन टेबलावर ठेवायचा, तो तळ. त्याच्या प्रत्येक कोपऱ्याला दुसऱ्या एका चौकोनाचा एक कोपरा बांधायचा. असे चार चौकोन कोपऱ्यावर उभे राहतात, पतंग उभा धरावा तसे. मग शेजारच्या दोघांचे बाजूचे कोपरे एकमेकांना, पुन्हा चार गाठी. वर चार कोपरे मोकळे उरतात, त्यांवर सहावा चौकोन. झाल्या बारा. तपासायची खूण सोपी आहे: प्रत्येक गाठीत दोनच चौकोन आणि मधल्या प्रत्येक फटीत एक त्रिकोण, एकूण आठ. हमखास होणारी चूक म्हणजे मुलं चौकोनाची बाजू बाजूला बांधतात आणि खोकं तयार होतं. म्हणून बांधायला सुरुवात करण्याआधी तू तयार सांगाडा हातात धरून दाखव: कोपऱ्याला कोपरा, बाजूला बाजू नाही. तुझ्या जर्मनमध्ये ते पटकन कळेल, माझ्यात नाही.

बारा गाठी झाल्या तरी सांगाडा उभा राहणार नाही. हातात घेतला की पिळा पडून बसेल, आणि निम्मी मुलं म्हणतील की आमचा बिघडला. बिघडलेला नसतो. त्रिकोण मुळातच घट्ट असतो, चौकोन मात्र तिरपा होतो, आणि आपल्याकडे सहा चौकोन आहेत. प्रत्येकाला आतून काहीतरी धरून ठेवणारं हवं. वरच्या आणि खालच्या चौकोनात त्या पूर्ण काड्या कर्णावर बांधायच्या. कर्ण २८ सेंमीच्या थोडा वर भरतो, म्हणून ३० ची काडी नेमकी पुरते. उरलेले बाजूचे चार चौकोन कागद धरून ठेवतो. म्हणूनच कागद लावताना आधी चौकोन, मग त्रिकोण. आत्याचा हाच क्रम असायचा, आणि त्याचं कारण मला पुढे भूमिती शिकताना कळलं. त्रिकोण आधी लावले तर सांगाडा वाकडा असतानाच कागद वाळतो आणि तो वाकडेपणा मग निघत नाही. चौकोनाला कागद लावण्याआधी गुण्या लावून कोपरा काटकोनात आणायचा. गुण्या नसेल तर पुस्तकाचा कोपरा चालेल.

दुसरा शनिवार, २४ तारखेचा, कागदाचा. टिश्यू पेपर नको, ओल्या खळीने फाटतो. क्रेप तर नकोच, त्याचा रंग पाण्याने सुटतो आणि इथला नोव्हेंबर तुला माहीत आहे. पतंगाचा पारदर्शक कागद, ड्राखेनपापीअर, घ्यायचा. ७० बाय १०० सेंमीचा ताव मिळतो. चौकोनाला २३ सेंमीचे तुकडे, म्हणजे सगळीकडून दीड सेंमी कड दुमडायला. एका तावात बारा बसतात, तीन कंदिलांचे. त्रिकोणाची बाजू २५ सेंमी ठेवायची. एक सुलटा, एक उलटा असे मांडले तर तावात एकवीस निघतात. झिरमिळ्यांसाठी २० रुंद, ३५ लांब असे तुकडे, तावात दहा. बारा कंदिलांना चौकोनांचे ४ ताव, त्रिकोणांचे ५, झिरमिळ्यांचे ५, आणि फाटाफाटीला २, एकूण १६. चौकोनांना पिवळा किंवा केशरी घे, त्यातून उजेड भरपूर येतो. गडद निळा आणि जांभळा उजेड गिळतात, ते झिरमिळ्यांना ठेव.

खळ मी घरूनच करून आणेन. अर्धी वाटी मैदा, इथला ४०५ नंबरचा, दोन वाट्या गार पाण्यात गुठळी न राहता कालवायचा आणि मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरेपणा जाऊन थोडी पारदर्शक झाली की उतरवायची. पाणी आधीच गरम असेल तर गुठळ्या होतात. पूर्वी बुरशी येऊ नये म्हणून खळीत मोरचूद घालायचे. ते विषारी आहे, मुलांच्या कामात अजिबात नको. फ्रिजमध्ये तीन दिवस टिकते, तेवढं पुरे. तयार क्लाइस्टर, म्हणजे विकतची खळ, वापरायचं झालं तर मुलांच्या हस्तकलेचं घ्यायचं, भिंतीच्या कागदाच्या काहींमध्ये बुरशीनाशक असतं.

खळ काडीला लावायची, कागदाला नाही. कागद सगळा भिजला की फुगतो आणि वाळल्यावर सुरकुततो. कागद ठेवायचा, समोरासमोरच्या दोन कडा आधी दुमडायच्या, मग उरलेल्या दोन, कोपरे छाटून. कपड्यांचे चिमटे लावून दहा मिनिटं थांबायचं. मुलं थांबत नाहीत, म्हणून तेवढ्यात त्यांना झिरमिळ्या कापायला द्यायच्या: वरची ३ सेंमी पट्टी सोडून २ सेंमी रुंदीचे काप. त्या खालच्या चौकोनाच्या चार बाजूंना. ज्याला कंदील मिरवणुकीत न्यायचा आहे, त्याने त्या १५ सेंमीवर तोडायच्या, नाहीतर पायात येतात. वरचा आणि खालचा चौकोन उघडाच ठेवायचा. शेवटी कोपऱ्यांबाहेर आलेली काड्यांची टोकं अर्ध्या सेंमीवर तोडायची, नाहीतर दप्तराशेजारी ठेवलेला कंदील दुसऱ्याच्या कंदिलाला भोक पाडतो.

उजेडाचं मी ठाम सांगतो. वर्गात विजेचा बल्ब नाही, मेणबत्तीही नाही. तीन पेन्सिल सेलवर चालणारी, साडेचार व्होल्टची वीस दिव्यांची एलईडी माळ, वरच्या कर्णाच्या काडीवरून आत सोडलेली. बटण-सेलच्या स्वस्त माळा नकोत, तो सेल लहान भावंडाने गिळला तर जिवावर बेततं. सेलची डबी वरच्या काडीला बांधायची, खाली लोंबती ठेवली की कंदील कलतो. आपल्या बाल्कनीतल्या कंदिलात ४ वॅटचा पिवळसर एलईडी बल्ब असेल, बाहेर चालणाऱ्या होल्डरमध्ये, बरोबर मध्यावर, म्हणजे चारही बाजूंच्या कागदापासून १४ सेंमी. नाना झिरोचा दिवा लावायचे आणि मोठा बल्ब लावू द्यायचे नाहीत, कारण तापून कागद तपकिरी पडायचा. एलईडी तेवढा तापत नाही. कंदिलाचं वजन मात्र वायरवर कधीच घ्यायचं नाही, वरच्या चार कोपऱ्यांतून चार दोऱ्या आणि एक गाठ.

तीन मुलांमागे एक मोठं माणूस हवं, म्हणजे चौघं. मी आणि आई आहोत, ओम काड्या वाटेल, अजून दोघं पालक शोधायला हवेत. सांगाडे एका शनिवारपासून दुसऱ्यापर्यंत शाळेतच राहतील. रचून ठेवले तर दबतात, म्हणून भिंतीला दोरी बांधून टांगायला लागतील. एवढी जागा आहे का, ते तुझ्या बाईंना विचारशील?

कुणाला कंदील नको, लाटेर्नेच हवी असेल, तर त्याला हाच सांगाडा १२ सेंमी बाजूने करता येईल. उंची १७ सेंमी होते आणि काठीला छान बसतो. त्या मुलांसाठी काड्या १४ सेंमीवर तोडायच्या, दोन्ही टोकांना तोच एक सेंमी. एका ३० च्या काडीतून दोन निघतात. किती जणांना काय हवं ते आधी कळलं पाहिजे, म्हणून हा प्रश्न वर्गात तूच विचार, आणि तुला स्वतःला काय करायचंय तेही सांग. काड्या आणि कागद मी सप्टेंबरअखेर मागवीन.

तुझा,
बाबा