कॉन्स्ट लावूनही स्ट्रिंग रॅममध्येच का जातात?

तुम्ही लिहिलंय की आर्डुइनो ऊनोवर एलसीडी मेनूच्या ओळी वाढवल्यापासून बोर्ड मध्येच रीसेट होतो आणि सगळ्या स्ट्रिंगना (मजकुराच्या तुकड्यांना) कॉन्स्ट हा शब्द लावूनही रॅमचा आकडा हलत नाही.

तो हलणार नाहीच. ऊनोवरच्या एटीमेगा ३२८पी चिपमध्ये प्रोग्राम साठवणारी फ्लॅश ३२ केबी असली, तरी रॅम २ केबीच आहे. शिवाय दोन्हींचे पत्ते स्वतंत्र आहेत: फ्लॅशमधला ५०० क्रमांकाचा बाइट वेगळा, रॅममधला वेगळा. साधा पॉइंटर, म्हणजे पत्ता धरणारं व्हेरिएबल, रॅमकडेच बघतो. फ्लॅश वाचायला एलपीएम नावाची निराळी इन्स्ट्रक्शन लागते. म्हणून मेन हे मुख्य फंक्शन सुरू होण्याआधीच कॉन्स्ट स्ट्रिंगसुद्धा फ्लॅशमधून रॅममध्ये उतरवल्या जातात. कॉन्स्ट म्हणजे 'यात लिहू नका' एवढंच. जागा ते ठरवत नाही. सोळा अक्षरांच्या ४० ओळी, प्रत्येकीचा शेवटचा शून्य बाइट धरून, ६८० बाइट झाले. म्हणजे तिसरा हिस्सा रॅम गेली.

प्रिंटमध्ये थेट लिहिलेल्या मजकुराभोवती तो फ्लॅशमध्येच ठेवणारा एफ मॅक्रो घाला, बहुतेक काम तिथेच होतं. मेनूच्या टेबलाला मात्र डेटा फ्लॅशमध्ये ठेवायला सांगणारं प्रोग्मेम हवं, आणि इथेच मी दोन रात्री घालवल्या होत्या. मी फक्त पॉइंटरच्या ॲरेला प्रोग्मेम लावलं होतं. त्याने पॉइंटर तेवढे फ्लॅशमध्ये गेले, मजकूर रॅममध्येच राहिला! प्रत्येक ओळ आधी स्वतंत्र नावाने प्रोग्मेममध्ये जाहीर करायची, मग त्या नावांचा ॲरे, तोही प्रोग्मेममध्ये. वाचताना पॉइंटर आधी फ्लॅशमधून वाचणाऱ्या पीजीएम-रीड प्रकारच्या मॅक्रोने काढायचा आणि मग मजकूर रॅममधल्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या जागेत, कॉपी करायचा. त्यासाठी स्ट्रिंगच्या नेहमीच्या फंक्शनांची शेवटी 'अंडरस्कोर पी' असलेली रूपं आहेत. चुकून साधं फंक्शन वापरलं तर कंपायलर सहसा गप्प बसतो आणि एलसीडीवर कचरा उमटतो, कारण तोच पत्ता रॅममध्ये वाचला जातो. बफर एकच ठेवा, सर्वांत लांब ओळीपेक्षा एक बाइट मोठा.

कंपाइल झाल्यावर दिसणाऱ्या ग्लोबल व्हेरिएबलच्या आकड्यात स्टॅक (फंक्शनं चालताना लागणारी तात्पुरती रॅम) धरलेला नसतो, हेही लक्षात असू द्या. स्टॅक वरून खाली वाढत येतो आणि डेटावर चढला तरी कुठलीच सूचना मिळत नाही. तुमचे रीसेट मला त्यातलेच वाटतात.

पुढे एआरएम कॉर्टेक्स-एम चिपवर गेलात तर ही कसरत उरत नाही. तिथे फ्लॅश आणि रॅम एकाच पत्त्यांच्या रांगेत असतात, त्यामुळे कॉन्स्ट मजकूर सहसा फ्लॅशमध्येच राहतो.