प्रेशर नॉर्मल असूनही अँगल बंद व्हायचा धोका असतो का?

तुम्ही विचारलंय की आईच्या डोळ्याचं प्रेशर १६ आलं, दिसतंही नीट, मग अँगल (डोळ्यातलं पाणी बाहेर जायचा कोपरा) अरुंद आहे म्हणून डॉक्टर लेझर का सांगतायत. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, असे पेशंट रोज बघते, म्हणून सांगते की धोका असू शकतो. १० ते २१ मधलं प्रेशर नॉर्मल हे खरं, पण ते फक्त त्या वेळचं, अँगल अचानक बंद झाला तर काही तासांत ४०-५० च्या वर जाऊ शकतं.

डोळ्यात सतत पाणी तयार होतं, ते बाहुलीतून पुढे येतं आणि समोरचा पारदर्शक कॉर्निया आणि रंगीत आयरिस जिथे भेटतात त्या कोनातल्या, म्हणजेच अँगलमधल्या, जाळीतून निघून जातं. प्लस नंबरवाल्यांचा डोळा मुळात छोटा, त्यात वयाबरोबर आतली लेन्स जाड होते, पाणी बाहुलीपाशी अडतं, आयरिस शिडासारखा पुढे फुगतो आणि जाळीवर टेकतो. बायकांमध्ये हे जास्त दिसतं, घरात कोणाला असेल तरीही.

निदान खरं होतं ते गोनिओस्कोपीने, ती झालीय का हे आधी विचारा. थेंब टाकून डोळा बधिर करतात, हनुवटी मशीनवर टेकवायची आणि आरसे असलेली छोटी लेन्स डोळ्याला लावतात. खोलीत अंधारच हवा आणि प्रकाशाची पट्टी अगदी छोटी, कारण उजेड बाहुलीवर पडला की ती आकसते, आयरिस ताणला जातो आणि मिटलेला अँगलसुद्धा उघडा दिसतो. उजेडात घाईघाईत केलेल्या टेस्टवर मी विश्वास ठेवत नाही. मग लेन्स हलकेच दाबून बघतात, अँगल उघडला तर आयरिस नुसता टेकलाय, नाही उघडला तर चिकटलाय. सोबत डोळ्यामागची नस आणि फील्ड टेस्ट, म्हणजे आजूबाजूचं किती दिसतं, तेही बघतात.

आता लेझर. नुसता अँगल अरुंद आहे, प्रेशर ठीक, नस ठीक, कुठे चिकटलेलं नाही, अशा सगळ्यांनाच तो लगेच लागतो असं नाही, काहींना नियमित तपासणीवर ठेवतात. पण चिकटायला लागलं असेल, प्रेशर वाढत असेल किंवा अधूनमधून दिव्याभोवती रंगीत कडी दिसत असतील तर टाळू नका. आयरिसला बारीक छिद्र पाडतात, पाण्याला दुसरी वाट मिळते. मोतीबिंदूही असेल तर कधी कधी त्याचंच ऑपरेशन जास्त फायद्याचं ठरतं.

तोपर्यंत सर्दीच्या, ॲलर्जीच्या किंवा डिप्रेशनच्या गोळ्या घ्यायच्या आधी डॉक्टरांना अँगलचं सांगा, काहींनी बाहुली मोठी होते. आणि एक डोळा लाल होऊन ठणकायला लागला, धुरकट दिसलं, डोकेदुखी नि उलट्या सुरू झाल्या तर पित्त किंवा मायग्रेन समजून घरी थांबू नका प्लीज, रात्र असली तरी त्याच वेळी डोळ्यांच्या इमर्जन्सीला न्या, आणि अँगल अरुंद आहे हे तिथे गेल्या गेल्या सांगा.