रोड बाईक (सायकल) बदलतेय. पावसात सिंहगडाचा घाट उतरताना बोटं भरून येतात. रिम ब्रेक घेऊ की डिस्क?

हायड्रॉलिक डिस्कच घ्या. मी तीन पावसाळे तीच चालवतेय. रिम ब्रेकमध्ये रबर आधी ओल्या रिमवरचं पाणी पुसतं, मग पकड येते; उतारावर तेवढा उशीरही जिवावर बेतू शकतो. हायड्रॉलिक डिस्कमध्ये चाकाच्या मध्यावरची चकती तेलाच्या दाबाने आवळली जाते, म्हणून एका बोटाने सायकल आवरते. हात लहान असेल तर ब्रेकच्या लिव्हरचा बारीक स्क्रू फिरवून लिव्हर हँडलकडे ओढून घ्या, आणि हे दुकानातच, सायकलवर बसून करा. ‘लेडीज’ लेबल बघू नका, फ्रेमचं माप बघा. फक्त एक: ब्लीडिंग (ब्रेकच्या तेलातली हवा काढणं) जमणारा मेकॅनिक जवळपास नसेल तर केबलवाली डिस्क बरी, तिला जोर थोडा जास्त लागतो. रिम ब्रेकच्या जुन्या फ्रेमवर मात्र डिस्क बसत नाही.