आजोबांच्या पेटीतल्या शिवराया आणि चांदीचे रुपये विकताना नवख्या माणसाला कळेल असं वर्णन कसं लिहावं?

सगळ्यात आधी ‘शिवकालीन’ आणि ‘दुर्मिळ’ हे दोन शब्द खोडा. नवखा माणूस त्या दोन शब्दांनाच पैसे मोजतो, आणि बहुतेक वेळा त्यांना काहीही आधार नसतो.

शिवराई म्हणजे तांब्याचं नाणं. ती शिवाजी महाराजांनी सुरू केली हे खरंच. पण पुढे ‘श्री राजा शिव’ आणि मागे ‘छत्रपति’ हा मजकूर तसाच ठेवून ती पेशवाईत आणि इंग्रजी अंमल आल्यावरही पाडली जात होती. त्यामुळे नाव वाचून काळ ठरत नाही. मागे ‘छत्र’ आणि ‘पति’ यांच्या मधे दोन आडवे दांडे दिसले तर ती दुदांडी, उत्तरकाळातली, आणि मुबलक मिळणारी. तिला ‘शिवकालीन’ म्हणून विकणं म्हणजे फसवणूक. ‘लोक तसंच शोधतात’ हे विक्रेत्यांचं उत्तर मला मुळीच पटत नाही.

त्यापेक्षा डोळ्यांना जे दिसतं ते लिहा. उदाहरणार्थ : ‘तांबं, दुदांडी शिवराई, वजन 9.12 ग्रॅम. पुढे “श्री”चा वरचा भाग कापलेला, “राजा” पूर्ण, “शिव”मधला “व” अर्धा. मागे दोन्ही दांडे स्पष्ट, “पति” फक्त “प”पर्यंत. कडेला एक चीर. रंग गडद तपकिरी, साफ केलेली नाही.’ आणि अक्षरं कापलेली का, तेही एका ओळीत सांगा. साचा तांब्याच्या तुकड्यापेक्षा मोठा असायचा, ठोकताना मजकुराचा जो भाग तुकड्याबाहेर राहील तो उमटायचाच नाही. नवख्याला ती झीज वाटते. झिजलेलं अक्षर सपाट आणि गुळगुळीत होतं. कापलेलं अक्षर जेवढं उरलंय तेवढं ठसठशीत असतं. हा फरक फोटोत दाखवा : फ्लॅश बंद, खिडकीचा उजेड एका बाजूने तिरका, शेजारी मिलिमीटरची पट्टी, दोन्ही बाजूंचे फोटो अक्षरं सुलट धरून. वजन 0.01 ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावरच करा.

चिंच, राख, पावडर काही लावू नका. तांब्यावरचा तपकिरी थर गेला की नाणं गुलाबी दिसतं, घासलेल्या रेघा कायमच्या राहतात आणि जाणकार निम्मी किंमतही देत नाही. आधीच कोणी घासलं असेल तर ‘साफ केलेलं’ असं स्वच्छ लिहा. ‘चकचकीत’ म्हणजे चांगलं, ही समजूत विकणाऱ्यांनीच पसरवली आहे.

रुपयांचं सोपं आहे. 1939 पर्यंतच्या राणीछाप-राजाछाप रुपयात 91.7 टक्के चांदी, वजन 11.66 ग्रॅम, झिजलेला थोडा कमी भरेल, पण अर्धा-पाऊण ग्रॅम कमी भरला तर संशय घ्या. 1940 ते 1945 च्या रुपयात चांदी निम्मी. 1946-47 चा निकेलचा, तो चुंबकाला चिकटतो. राजा-राणीच्या चेहऱ्याच्या वर, नाण्याच्या कडेला टाक्याची, म्हणजे झाळ लावल्याची, खूण शोधा. रुपयाला कडी लावून गळ्यात घालायची पद्धत होती, आणि कडी काढली तरी डाग राहतो. तो लपवलात तर नाणं परत येईल. साल लिहितानाही जपून : 1874 मध्ये साल बदलेपर्यंत 1862 हेच साल घालून रुपये पाडले गेले. म्हणून ‘1862 साली पाडलेला’ नको, ‘नाण्यावर 1862’ लिहा.

शिवराई खरोखर जुन्या घडणीची आहे असं एखाद्या अभ्यासकाने अक्षरांच्या वळणावरून सांगितलं असेल तर ते जरूर लिहा, पण वेगळ्या ओळीत, ‘मत’ म्हणून. आणि शंभर वर्षांवरची नाणी 1972 च्या पुरावस्तू कायद्यामुळे परदेशी पाठवता येत नाहीत. त्यामुळे ‘फक्त भारतात पाठवू’ हे वर्णनातच टाका, नाहीतर अमेरिकेतल्या भाच्यासाठी कोणीतरी मागणार आणि पैसे आल्यावर वाद होणार.