एनएसएसला (राष्ट्रीय सेवा योजनेला) नाव घालतोयस, तर एवढं ऐक

नाव घाल, पण वर्षाला 120 तास आणि सात दिवसांचं शिबिर धरूनच वेळापत्रक बघ. सर्टिफिकेटपुरती आलेली पोरं फोटो झाला की टपरीवर दिसतात. त्यांच्या नादाला लागू नकोस.

खरं काम पावसाळ्यात. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी रोज बघत जा: 39 फूट इशारा, 43 फूट धोका. पाणी चढताना हौसेनं पुलावर जाऊ नकोस, तिथं तुझा उपयोग शून्य. माणसं लागतात ती पाणी उतरल्यावर. गाळ ओला असतानाच खराट्यानं ओढायचा, वाळला की फरशी सोडत नाही. गमबूट, रबरी हातमोजे हवेतच, आणि लेप्टोच्या (घाण पाण्यातनं होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाच्या) गोळीचं आरोग्य केंद्रात आधी विचार. जुन्या कपड्यांचे गठ्ठे तर नेऊच नकोस. फिनेल, खराटे, प्यायचं पाणी न्यायचं, तेही आधी फोन करून.

एरवी मतदार नोंदणी घे. नव्या मतदाराच्या फॉर्म 6 साठी आता वर्षाला चार अर्हता तारखा (त्या दिवशी अठरा पूर्ण हवीत) आहेत, म्हणजे जानेवारीची वाट बघायला नको. होस्टेलची पोरं पत्त्यावर अडतात. गावचा चालतो, इथलाही चालतो. फक्त दोन्हीकडं नाव नको.